पडद्याशेजारची खुर्ची

प्रिय चिंगे,

सुखरूप पोचले असं लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं, कारण ते तुला फोनवर सांगून पाच दिवस झाले. गुडघा बरा आहे, गोळ्या वेळेवर घेते, खोलीला मोठी खिडकी आहे. हे सगळं तू रोज विचारतेस आणि मी रोज सांगते. पण जे सांगायचं आहे ते फोनवर जिभेपर्यंत येतं आणि तिथंच ठाण मांडून बसतं. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर कागद ओढला. एका स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या दोन बहिणींनी एकमेकींना पत्र लिहायचं म्हणजे कमालच. पण शनिवारी दुपारी इथं तो होडीतल्या बाईचा सिनेमा दाखवणार आहेत, आणि त्याआधी त्या सिनेमाबद्दलची एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळायला हवी. येते तिच्यावर हळूहळू. सरळ रस्ता धरून चालणं मला कधी जमलंय?

विद्यापीठाचं सभागृह मोठं आहे, पण खुर्च्या आपल्या थिएटरसारख्याच कुरकुरतात, त्यामुळे परकं वाटत नाही. आठवडाभर फक्त आपल्या टोपीवाल्याचे सिनेमे. हो, तोच अमेरिकन दिग्दर्शक. आपल्या पोस्टरवर डोळ्यांपर्यंत टोपी ओढून बसलेला असायचा आणि बाबा म्हणायचे, हा माणूस सिनेमा काढतो की झोपा काढतो? इथं दारातच त्याचा भिंतभर फोटो लावलाय आणि त्याच्यापुढे सगळे हळू आवाजात बोलतात. पोरंपोरी पायऱ्यांवर मांडी घालून बसतात. दुपारचा खेळ संपवून बाहेर यावं तर डोळ्यांत तो काळापांढरा उजेड तसाच राहिलेला असतो. झाडं राखाडी दिसतात, सायकलवरून जाणारी मुलगी राखाडी दिसते, आणि क्षणभर वाटतं, आता ही काहीतरी बोलेल आणि ते मला सांगावं लागेल. मग हळूहळू रंग परत येतात. खरं सांगू, ते यायची मला घाई नसते.

मला इथं बोलावणाऱ्या प्राध्यापक बाई तुला आवडतील. केस कापलेले, बोलणं भराभर. त्यांची आई लहानपणी आपल्या थिएटरात सकाळचे खेळ बघायची आणि टोपीवाल्याच्या गोष्टी लेकीला झोपताना सांगायची. लेक शिकली, तिनं ते सिनेमे स्वतः पाहिले, आणि एकही गोष्ट जुळेना! तेव्हा आईनं सांगितलं, अगं, आम्हाला इंग्रजी कुठं कळत होतं, पडद्याशेजारी खुर्ची टाकून एक तिकीटवाल्या ताई बसायच्या, त्या माइकवर सांगतील तो सिनेमा. तिथून त्या माझा माग काढत आल्या. सोमवारी सगळ्यांसमोर मला विचारलं, तुम्ही इंग्रजी कुठं शिकलात? मी म्हटलं, शिकले कुठं? तोंडं बघायची आणि अंदाज बांधायचा. सभागृह हसून लोटपोट. मग त्यांनी आईकडून उतरवून घेतलेली माझ्या करामतींची यादी वाचून दाखवली. एका सिनेमातला वकील मी बाईचा सख्खा भाऊ करून टाकला होता. दुसऱ्यात दोघे जमिनीवरून भांडतात, माझ्या सांगण्यात ते आजारी घोडीवरून भांडत होते, आणि शेवटी घोडी बरी झाली म्हणून थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. आपला ऑपरेटर वरच्या झरोक्यातून ओरडायचा ते आठवतं? ताई, त्यानं अजून तोंड उघडलं नाही आणि तुमचं वाक्य संपलंसुद्धा!

सगळे हसत होते, मीही हसत होते. पण यादीत पुढचा सिनेमा होडीतल्या बाईचा होता. त्याला कुणी करामत म्हणालं नाही. प्राध्यापक बाई म्हणाल्या, ही ताईंची सगळ्यात सुंदर कल्पना.

तुला तो सिनेमा पाठ आहे. नदीकाठचं घर, आजारी बाप, त्याचं करणारी एकुलती लेक, ती घरी येईपर्यंत दारात जळत राहणारा दिवा. एके सकाळी बाप झोपलेला बघून ती पेटी भरते, लांब कोट घालते, धक्क्यावर जाते आणि होडीत चढते. होडी सुटल्यावर ती एकच वाक्य बोलते, आणि मग नुसतं पाणी. तू शेजारच्या पोरांना ही गोष्ट सांगितलीस, शाळेत चित्रकलेच्या तासाला सांगितलीस, गेल्या महिन्यात दूधवाल्यालासुद्धा सांगितलीस. आणि दर वेळी ते वाक्य माझ्याच आवाजात म्हणतेस. 'मी उद्या परत येते, बाबा. तुम्हाला सोडून मी कुठं जाणार?'

चिंगे, पहिले तीन दिवस मी ते वाक्य म्हटलंच नव्हतं. पहिले तीन दिवस ती बाई माझ्या सांगण्यातही निघून जात होती. शब्द कळत नसले तरी इतकं मलाही दिसत होतं. परत येणारं माणूस एवढी पेटी भरत नाही. चौथ्या दिवशी तू आलीस. तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. तुझ्या पिशवीत नकाशांच्या कचेरीचं पत्र होतं. तू मला दाखवलं नव्हतंस, पण मी कपाटात पाहिलं होतं. दूरचं शहर, नकाशे काढायची नोकरी, राहायला खोली, आणि उत्तर द्यायला दोन दिवस. तिकडे बाबांची छाती भरलेली, मी सकाळी नऊपासून थिएटरात. तू गेलीस तर काय, या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती. घरी तुला थांब म्हणायची मला लाज वाटली, कारण कागदावर तुझी बोटं कशी चालतात ते मी पाहिलेलं होतं. आणि होडी सुटली, त्या बाईनं ओठ हलवले, मी माइक जवळ घेतला, आणि जे तुला म्हणायचं धाडस नव्हतं ते तिच्या तोंडी घातलं.

खेळ सुटल्यावर ऑपरेटर खाली आला. म्हणाला, ताई, काल तर ही बाई गेली होती, आज परत कशी आली? मी म्हटलं, आज तिचं मन बदललं. तो रिळं गुंडाळायला वर गेला, आणि पुन्हा विषय काढला नाही. तू घरी आलीस, बाबांचं अंथरूण झटकलंस आणि मला म्हणालीस, किती रडवलंस गं! त्या बाईला कळलं बघ, मीच उगीच घोळ घालत बसले होते. दुसऱ्या दिवशी तू नकाराचं पत्र टाकलंस. पुढे तीनदा तो सिनेमा पाहिलास, आणि तीनदा मी तिला परत आणलं. त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत त्यांनी तुला थांब म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं ते मी.

मंगळवारी प्राध्यापक बाईंनी एका छोट्या खोलीत तो सिनेमा फक्त माझ्यासाठी लावला. आता खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटतात. आणि पहिल्यांदाच मी समोर बसले होते. माझी खुर्ची कडेला, पडदा तिरका दिसायचा, डावी बाजू तर कापडाच्या घडीमागे जायची. त्या डाव्या बाजूला काय आहे सांगू? खिडकी आहे. ती धक्क्याकडे चालू लागते तेव्हा खिडकीत बाप उभा असतो. तो झोपलेला नसतोच गं. तो हात वर करतो आणि तसाच धरून ठेवतो, तिला दिसणार नाही अशा बेतानं. तू थिएटरात तो हात पाहिला असशील, आणि माझं ऐकून वाटलं असेल, तो तिला थांब म्हणतोय. मग होडीत ती बोलते. खाली अक्षरं आली, 'माझा दिवा आता विझवा, बाबा.' एवढंच. मग पाणी, पाणी, त्यावर हलणारा उजेड, आणि मला वाटलं मीच कुठंतरी तरंगतेय, वयबिय काही नाही, नुसतं तरंगणं. दिवे लागले तेव्हा प्राध्यापक बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

शनिवारी पडद्याशेजारी खुर्ची आणि माइक ठेवणार आहेत. मी पूर्वीसारखा सिनेमा सांगावा, आणि त्या बाईला परत आणावं, अशी पोरांनी गळ घातलीय. आज दुपारी मी त्यांना सांगणार आहे, की सांगेन, पण तिचं वाक्य तिचंच ठेवेन. ते वाक्य भरल्या सभागृहात म्हणण्याआधी तुला कळवणं मला भाग होतं, म्हणून हे पत्र; कुरिअरवाला उद्याच तुझ्या हातात देईल. माफ कर असं लिहून खोडलं. एवढ्या वर्षांवर तो शब्द ठेवायचा तर तो फारच हलका पडतो. तुला चीड आली तर ती गिळू नकोस, आयुष्यभर गिळतच आली आहेस. तुझ्या नावानं पास दारात ठेवलाय. आलीस तर या वेळी मधल्या रांगेत बस, तिथून सगळं दिसतं. नाही आलीस तर मी रविवारी दुपारच्या गाडीनं घरी येईन. दाराला कुलूप असलं तर शेजारणीकडून किल्ली घेईन, आणि तू कुठं गेलीस असं तिला विचारणार नाही.

तू ठेवशील तोवर तुझीच,
थोरली