महिला सभासद : दोन

१० नोव्हेंबर १९७५, सांगली

उद्या कवठे महांकाळ तालुक्यात जायचं. जागतिक महिला वर्ष म्हणून वरून नवा तक्ता आलाय – प्रत्येक ग्रामपंचायतीत महिला सभासद किती, शिकलेल्या किती, सभेला येतात किती. आकडेवारीच्या ऑफिसात बाईमाणूस मी एकटीच, म्हणून साहेबांनी माझ्याकडे दिलं. मला बरंच वाटलं. टेबलावरून उठायला तर मिळेल.

११ नोव्हेंबर

रात्री उशिरा परतले. जमेल तसं लिहिते.

गावाचं नाव इथं घालत नाही. एस.टी.तून उतरले तेव्हा ग्रामसेवक नाथाजी दप्तर उघडून बसलेच होते. "आकडे तयार आहेत बाई. सभासद सात. पैकी महिला दोन. हजेरी शंभर टक्के." सभेची वही पुढं केली. दर सभेला सात नावं, पाच सह्या, शेवटी दोन अंगठे. मी ठरावांचे नंबर आणि विषय उतरवून घेतले.

शिक्षणाचा रकाना राहिला होता. म्हटलं, दोघींना भेटून येते. नाथाजी म्हणाले, "कशाला? निरक्षर लिहा." सरपंच लालासाहेब बाजेवर बसले होते. "चा घ्या बाई, आन् यष्टी गाठा. परत गाडी न्हाई."

दोघींपैकी साळूबाई सरपंचांचीच चुलती. घरी जाऊन बघितलं, तर दोन वर्षं अंथरुणावर, कूस बदलायलाही माणूस लागतं. मग ती सभेला येते कशी? परत येऊन विचारलं तर नाथाजींनी वही मिटली.

दुसरी बनाबाई. बौद्ध वस्तीत, ओढ्यापलीकडं. एकटीच गेले.

ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीनं कळशी भरत होत्या. चाळिशीच्या असतील. मी विचारलं, "ग्रामपंचायतीच्या सभासद बनाबाई आपणच ना?"

वाटी तशीच हातात राहिली. "कोण? मी?"

"तीन वर्षं झाली. महिलांच्या राखीव जागेवर नेमणूक आहे, यादीत नाव आहे तुमचं."

"आवं बाई, दोन वर्सं मी त्या कचेरीच्या पायरीवर बसतीया. आत कुनी घेत न्हाई मला."

कशासाठी बसतात तेही सांगितलं. दुष्काळात या वस्तीला हातपंप मंजूर झाला होता. बोअर मारलं ते सरपंचांच्या मळ्याच्या वाटेवर. विचारायला गेलं की एकच उत्तर – सभासदांनी एकमतानं ठरवलंय, आमच्या हातात काय न्हाई.

तो ठराव मी सकाळीच उतरवून घेतला होता. नंबर सात. 'बौद्ध वस्तीचा हातपंप सोयीच्या जागी घेण्याबाबत.' खाली सात जण. सगळ्यात शेवटी अंगठा आणि पुढं नाव – बनाबाई.

सांगू की नको असं झालं. सांगितलं.

त्यांनी वाटी वाळूवर ठेवली. मग म्हणाल्या, "अंगठा?"

"हो."

"मी चौथी शिकलीया बाई. मी सही करती."

माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तक्त्याच्या पाठीवर नाव लिहिलं. सुबक, गोल अक्षर. माझ्यापेक्षा चांगलं.

१३ नोव्हेंबर

तक्त्याखाली सगळी हकीकत लिहून साहेबांपुढं ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"यात शेऱ्याला जागा कुठंय? महिला किती ते विचारलंय. दोन. आकडा बरोबर आहे."

मी म्हटलं, एकीला माहीतच नाही, दुसरी उठू शकत नाही.

"ते बघणारे दुसरे आहेत. आपण बेरीज करायची." मग दार लोटून घेतलं. "आणीबाणी आहे, बाई. आणि तुम्ही अजून कायम नाही."

कोरा तक्ता घेतला. महिला – दोन. निरक्षर – दोन. हजेरी – शंभर टक्के. मीच लिहिलं. कुणी हात धरला नव्हता.

१४ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर

दुपारी बनाबाई ऑफिसात आल्या. पत्ता विचारत विचारत.

परवा सभा होती. सरळ आत जाऊन सतरंजीवर बसल्या. सरपंचांनी सभाच थांबवली. "तुझं नाव हितं कुठंच न्हाई," म्हणाले. वही दाखवली नाही. तिथनं त्या तहसीलदारांकडं गेल्या. ते म्हणाले, लेखी पुरावा आणा, मग वही मागवतो.

"वही तुमी बघितलीया. तुमी लिवून द्या."

म्हटलं, उद्या या. त्या मिरजेला पाहुण्यांकडं राहायला गेल्या.

लिहून दिलं तर नोकरी जाईल. घरी साताऱ्याला काय तोंड दाखवू? मग सुचलं, दर वर्षी सगळ्या सभासदांचा तक्ता येतो, गेल्या वर्षीचा दप्तरात असेलच. त्यात सभासद म्हणून त्यांचं नाव असणार. त्याची नक्कल देते. म्हणजे मला मधे यायला नको.

२५ नोव्हेंबर

तक्ता सापडला. बनाबाई, सभासद, निरक्षर, हजेरी नियमित. तळाला छापील ओळ – 'सभासदांना समक्ष भेटून खात्री केली.' त्याखाली सही.

माझी.

गेल्या वर्षी त्या गावात मी पाऊलही टाकलं नव्हतं. नोकरीचा दुसरा महिना होता. गठ्ठा पुढं आला, मी सह्या करत गेले.

एकाच कागदावर दोन्ही लिहिलं – यंदा काय पाहिलं ते, आणि न पाहता कशावर सही केली ते. खाली पूर्ण नाव. बनाबाईंनी उभ्यानंच वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. दुसरा भाग दोनदा. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"तारीक राहिली, बाई," म्हणाल्या, आणि कागद परत माझ्यापुढं ठेवला.