आधी प्रति, मग प्रेषक

३ मे, सकाळी ७
आजपासून कॉम्प्युटरवर विंडोज बंद, लिनक्स सुरू. कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घेऊ, असं बायको म्हणत होती. मी म्हटलं, यंत्र नाही, यंत्रणा बदलायची. वाक्य झकास जमलं. ती शिलाई मशीनवर होती, ऐकू गेलं नसावं.
संकल्प: कोणालाही विचारायचं नाही. व्हिडिओ बघायचे नाहीत. थेट मॅन्युअल.

४ मे
ऑफिसात मॅन्युअलची पानं छापली. एकशे साठ. प्रिंटरने मान टाकली. साहेबांना जावक विभागाचं काम म्हणून सांगितलं. स्पायरल बाइंडिंग केलं आणि लाल पेनाने रेघा मारायला बसलो. ज्ञान आत शिरताना स्पष्ट जाणवतंय.

९ मे
आज्ञा टाइप करून एका फोल्डरातून दुसऱ्यात जाता येऊ लागलं. परत येता येत नाही, पण माणसाने पुढेच बघावं.
बायकोने विचारलं, हे माउसने होत नाही का? गाढवापुढे गीता वाचण्यात अर्थ नसतो. (हे तिला बोललो नाही.)

१४ मे
बायकोला शाळेच्या गणवेशांची ऑर्डर. एकशे बारा मुलं! तिची पहिलीच मोठी ऑर्डर. चार दिवस शाळेच्या उन्हाळी शिबिरात खेटे घालून मापं घेतली, कॉम्प्युटरवर चढवली, कच्चे कागद फेकून दिले. वीस तारखेला कापडाला कात्री लावणार. मापांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते म्हणाली. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

१६ मे
आरसिंक नावाचं हत्यार सापडलं. एका जागेची हुबेहूब नक्कल दुसऱ्या जागी करतं. सोबत 'डिलीट' लिहिलं, तर दुसरीकडचं जास्तीचं सगळं साफ. मला स्वच्छता आवडते.
आधी ड्राय रन करा, असं मॅन्युअल म्हणतं. म्हणजे काही न करता, काय होईल तेवढं बघायचं. बावीस वर्षं जावकमध्ये आहे. रंगीत तालीम करून एकही पत्र धाडलेलं नाही.

१७ मे, सकाळी ११.१०
'डिलीट'सकट आज्ञा टाइप केली. जावकच्या शिस्तीत: आधी प्रति, मग प्रेषक. आधी प्रत ठेवायला आणलेली नवी कोरी डिस्क, मग बायकोचं मापांचं फोल्डर. एंटर.
११.११. झालंसुद्धा! याला म्हणतात वेग.
११.२०. दोन्ही जागा तपासल्या. तंतोतंत सारख्या. दोन्ही रिकाम्या.
११.४०. डिस्कची वायर काढून पुन्हा लावली.
दुपारी १. मॅन्युअल उघडलं. आरसिंकच्या पहिल्याच पानावर लिहिलंय: आधी कुठून, मग कुठे. त्याखाली लाल रेघ. माझीच. दोनदा ओढलेली.
४.००. बायकोला सांगितलं. ओरडली असती तर परवडलं असतं. तिने मशीन थांबवलं आणि शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली, माझ्याकडूनच चूक झाली, मापं पुन्हा घ्यावी लागतील. माझं नावही घेतलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मे, दुपारी १२
रजा टाकली. शाळेच्या व्हरांड्यात आहे. छप्पन्न मुलं झाली, छप्पन्न उरली. मी गुडघ्यांवर बसून टेप लावतो, बायको आकडे वहीत लिहिते. वहीला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद आहे.
टेपचं शून्याचं टोक कोणतं, हे सुरू करण्याआधी तिने मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर मुलांसमोर.
दोन्ही वेळा मी बरोबर सांगितलं.