ताईची भट्टी आणि मागच्या एक्सलचे दात

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, ट्रक खुशाल आहे आणि तुझी भट्टीही खुशाल आहे. (भट्टीची खुशाली कुणी कळवतं का, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे, पण पुढे वाच.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा स्वभाव कसा आहे? रविवारी बेकरी उघडायची म्हणजे तुझी धांदल उडाली असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांपूर्वी मी ट्रकच्या मागच्या एक्सलचे दात बदलले. तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. आपल्या अण्णांनी बसवलेल्या दातांवर इंजिनाकडून येणारा शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरायचा, तेव्हा कुठे चाक एकदा फिरायचं. सपाट रस्त्यावर नुसता आरडाओरडा, वेगाच्या नावानं बोंब. मिस्तरींनी विचारलं होतं, "गाडी पळवायचीय का ओझं ओढायचंय?" मी म्हटलं, दोन्ही. ते हसले आणि कामाला लागले. आता साडेतीन फेऱ्यांत चाक फिरतं, इंजिन गुणगुणतं, डिझेल वाचतं आणि मी मिशीला पीळ भरत हिंडत होतो.

आज तुझ्या दुकानाकडचा चढ लागला. तू जिला "छोटीशी भट्टी" म्हणालीस ती काट्यावर साडेतीन टन भरली, ती मागे जोडलेल्या ट्रेलरवर, शिवाय ट्रकमध्ये तुझ्या विटा. पहिल्या वळणाला दुसरा गियर टाकला, दुसऱ्याला पहिला, आणि त्याच्या खाली गियरच नव्हता. रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्यानं येऊन विचारलं, "इथं किती वेळ उभे राहणार?" ताई, मी चालत्या गाडीत होतो. तसं सांगितल्यावर त्यानं खात्री करायला मडगार्डला हात लावला आणि बराच वेळ सोबत चालला. मग क्लचचा जळका वास आला आणि चौथ्या वळणावर गाडीनं मान टाकली. ट्रेलर रुंद जागी आहे, चाकांमागे दगड आहेत. इंजिनात ताकद आहे, पण चाकापर्यंत पोचेस्तोवर ती पातळ होते. अण्णांना हे कळत होतं आणि मी त्यांना जुन्या विचारांचे म्हणत आलो. आज त्याचं फार वाईट वाटलं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. सांगितलंसच, तर आधी त्यांना जेवू घाल.

ता.क. २. तुझ्या वाढदिवसाला मी कुंडी ठेवायला काळा, दातेरी, वजनदार स्टँड दिला होता. तू नक्षीचं फार कौतुक केलंस. तो अण्णांच्या एक्सलचा क्राऊन आहे. भाऊजींना कागदांवर ठेवायला दिलं ते त्याच्या जोडीचं छोटं दातेरी चाक, पिनियन. दोन्ही पाठव, ती एकमेकांवर घासून जुळलेली जोडी असते, एकाला दुसऱ्या जोडीतलं चालत नाही, आणि या ट्रकचे तसे दात आता बाजारात मिळत नाहीत. ओढायला दुसरी गाडी सोमवारशिवाय नाही. दात आज मिळाले तर विटा उतरवून, ट्रेलर इथंच सोडून मोकळा ट्रक खाली मिस्तरींकडे नेतो (उतारावर तो अजूनही उत्तम पळतो) आणि शुक्रवारी भट्टी तुझ्या दारात. नाहीतर रविवारी गिऱ्हाइकांना नुसतं पीठ दाखवावं लागेल.

ता.क. ३. पत्र गवतवाल्याबरोबर पाठवतोय. फोन केला नाही, कारण माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखतेस. स्वतः का आलो नाही म्हणशील, तर तुझं दुकान इथून दोनच वळणं वर आहे आणि तू दारात उभी आहेस हे मला दिसतंय. मगाशी तू हात केलास, तेव्हा मी गाडीखाली जाऊन पडलो. हे पत्र तिथूनच लिहिलंय.