चार इंचांच्या पायऱ्या

प्रिय ठके,

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले आणि उत्तराला मी आज बसलोय. माफ कर. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा कागद फाडला. माझी शाळा सातवीपर्यंतची, त्यानंतर पंपघराच्या नोंदवहीत तीस वर्षं ‘मोटर चालू, मोटर बंद’ एवढंच लिहीत आलो. त्यामुळे लांब पत्र म्हटलं की हात आखडतो. पण खरं कारण हात नाही, हे तुलाही कळत असेल. तुझा खोकला गेला का? तुमच्या इमारतीचा जिना अजून ओला असतो का? कठड्याला धरून उतरत जा. घाईत असलीस तरी धरूनच.

तू पत्रात दोनच गोष्टी विचारल्यास. आईचा पाय कसा आहे, आणि ती तुझ्याकडे यायला खरंच नाही म्हणाली का. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, ते आधी देतो. दुसऱ्याचं शेवटी. तेवढी हिंमत लिहिता लिहिता गोळा होईल, असं वाटतं.

झटका आला तेव्हा तू पंधरा दिवस इथे होतीस, तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ कशी गेली ते तू पाहिलंच आहेस. तू गेल्यावर व्यायामवाल्या बाई येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, जमिनीवर हिचा पाय शिशासारखा जड आहे, पाण्यात तो हलका होईल, रोज अर्धा तास पाण्यात चालवा. ते मी तुला फोनवर सांगितलं आणि तू लगेच म्हणालीस, मग सहा महिने आईला माझ्याकडे पाठवा, दोन गल्ल्या सोडून दवाखान्यात कोमट पाण्याचा तलाव आहे, खुर्चीत बसवून खाली सोडतात. तुझ्या घरात एकच जास्तीची खाट मावते हेही तू अवघडून सांगितलंस. दुसऱ्या दिवशी मी तुला कळवलं की आई नाही म्हणते, आणि मी इथेच मागच्या बागेत हौद बांधतो. तू आधी हसलीस. म्हणालीस, बाबा, तुम्हाला कपड्यांची दोरी सरळ बांधता येत नाही, तुम्ही स्विमिंग पूल बांधणार? मग रागावलीस आणि फोन ठेवलास. तो आपला शेवटचा फोन.

बांधला मात्र मी. अठरा फूट लांब, आठ फूट रुंद. खणायला दोन माणसं होती आणि तिसरा मी, म्हणजे ती खणायची आणि मी काळजी करायचो. तुझं लिंबाचं झाड काढावं लागलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो. मुळं हौदाच्या भिंतीत शिरतील अशी भीती मला वाटली. झाड पडलं तेव्हा तुझी आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दिवसभर घरात गेलो नाही. शेजारचा शिंपी रोज भिंतीवरून डोकावायचा. काय हो, पाणबुडी ठेवायची आहे का? मग दुसऱ्या दिवशी, पाणबुडीचं लायसन काढलंत का? तिसऱ्या दिवशी तो जाता जाता म्हणाला, वहिनींसाठी आहे असं कळलं, मला माहीत नव्हतं हो. त्यानंतर त्याने एकदाही थट्टा केली नाही. ती केली असती तर मला बरं वाटलं असतं.

पायऱ्यांचं ऐक. गवंडी म्हणाला, पायरी सात इंचांची असते, सगळं जग सात इंचांवर चढतं. मी तुझ्या आईला दाराच्या चौकटीशी उभं केलं, खांद्याला धरलं आणि म्हटलं, उचल. तिने दात आवळून पाय उचलला. टाच जिथे पोचली तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली आणि टेपाने मोजलं. साडेचार इंच. मी गवंड्याला सांगितलं, चार इंचांच्या कर. तो म्हणाला, आजोबा, बाईमाणूस उतरणार आहे की मांजर? मी त्याला आत नेऊन ती रेघ दाखवली. मग बाहेर जाऊन त्याने आखणीची दोरी सोडली आणि नव्याने बांधली. अकरा पायऱ्या झाल्या. अर्ध्याहून जास्त हौद पायऱ्यांनीच खाल्ला. उरलं ते पोहायला नाहीच, छातीभर पाण्यात चार पावलं चालायला. पण तेवढंच तर हवं होतं.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यालो नाही. तळ आणि भिंत यांच्यामध्ये सांधा राहिला तर तिथूनच गळतं, हे मला पंपघरातल्या टाक्यांवरून माहीत होतं, म्हणून सगळं एका दमात ओता असा मी हेका धरला. सळ्यांची जाळी मी स्वतः हलवून हलवून पाहिली. संध्याकाळी सगळे गेले तरी मी काठावर बसून. गवंडी हात धुताना म्हणाला, आजोबा, तुम्ही टक लावून बघताय म्हणून ते काही लाजून लवकर वाळणार नाही. पुढे एकवीस दिवस गोणपाटं अंथरून मी त्यावर पाणी मारलं, दर तीन तासांनी, घड्याळ लावून. तुझी आई खुर्ची टाकून बसायची. कुठे कोरडं राहिलं की डाव्या हाताने बोट दाखवायची. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, पण एकत्र एक काम आम्ही पहिल्यांदाच केलं असेल.

आणि मग तो पहिला दिवस. तिने तुझा जुना सैल शर्ट घातला होता. मी पुढे, ती मागे, तिचा हात माझ्या मानेभोवती. तुला माहीत आहे, तीस वर्षं मी सगळ्या गावाला पाणी पाजलं पण मला पोहता येत नाही. पाण्यात उतरताना मीच कठडा घट्ट धरून होतो. अकराव्या पायरीवरून ती तळावर उतरली, एक क्षण थांबली, आणि तिचा उजवा पाय आपोआप वर आला, ठके. कुणी उचलला नाही. पाण्यानेच उचलला. तिने खाली वाकून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लांबच्या गावाहून कुणी न कळवता दारात यावं. मग ती हसली. झटक्यानंतर तोंड वाकडं होतं म्हणून ती हसणं टाळायची, त्या दिवशी विसरली. आणि मी रडतोय हे बघून तिने डाव्या हाताने सपकन माझ्या तोंडावर पाणी उडवलं. बोलता येत असतं तर म्हणाली असती, पुरे झालं, आधीच हौद भरलेला आहे.

सहा आठवडे आम्ही रोज उतरलो. दर रविवारी चौकटीवर नवी रेघ. पाच इंच. सव्वापाच. सहाव्या रविवारी सहा इंचांना दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, काका, दवाखान्यातसुद्धा इतक्या लवकर होत नाही. ते ऐकून मला जो आनंद झाला तो सगळाच काही तिच्या पायाचा नव्हता. हे आता कळतंय.

त्यानंतर नऊ दिवस सारखा पाऊस लागला. पाण्यात उतरणं बंद. दहाव्या दिवशी सकाळी उघडलं. मी दूध आणायला कोपऱ्यावर गेलो होतो, परत आलो तर ती घरात नाही. मागे धावलो. ती चौथ्या पायरीवर उभी होती. एकटी. डाव्या हाताने नळीचा कठडा धरलेला, पाणी गुडघ्यापर्यंत, आणि तोंडावर, काय सांगू, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं तेज. तिला वाटलं मी शाबासकी देईन. द्यायलाच हवी होती. पण मी ओरडलो. इतका ओरडलो की शिंपी धावत आला. हाताला धरून मी तिला ओढत बाहेर काढलं, तिच्या मनगटावर चार बोटं उठली. ती पाच दिवस दिसत होती. मला डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, ती पाण्याखाली आणि मी दुधाच्या रांगेत. त्याच दुपारी मी पंप लावला आणि हौद कोरडा केला. म्हटलं, दुसऱ्या बाजूला कठडा लागेपर्यंत पाणी नकोच. तळ दिसेपर्यंत मी पंपाजवळून हललो नाही.

आता माझी अक्कल ऐक. पंपघरात आमचे मोठे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे की जमीन पाण्याने भरलेली असताना जमिनीतली टाकी कधी रिकामी करायची नाही, रिकामी टाकी म्हणजे होडी, खालचं पाणी तिला वर ढकलतं. तीस वर्षं मी ते नव्या पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. नऊ दिवसांचा पाऊस जमिनीत मुरलेला होता. आत पाणी होतं म्हणून हौद जागेवर बसला होता. ते मी काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पलीकडची कड वीतभर वर आलेली, सगळा हौद तिरका, आणि तळ जिथे पायऱ्यांना मिळतो तिथून आरपार तडा. गळती नाही, सांधा नाही, काम कुठे कच्चं नव्हतं. गवंडी येऊन बघून गेला. तो म्हणाला, आजोबा, हे आता खाली बसत नाही. फोडायचं किंवा माती भरायची.

मी काठावर बसलो होतो. ती भिंतीला धरत धरत आली. मला वाटलं आता हात उगारेल. पूर्वीची असती तर आठ दिवस पुरेल एवढं बोलली असती, माझ्या आईवडिलांपासून सुरुवात केली असती. तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. काल चौकटीशी तिला उभं केलं. पावणेपाच इंच. म्हणजे जवळजवळ जिथून निघालो तिथेच. आईचा पाय असा आहे, ठके. हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

दुसऱ्याचं आता देतो. तू फोनवर बोलावलंस त्या दिवशी मी आईसमोर बसलो आणि सांगितलं, ठकी सहा महिन्यांसाठी बोलावते आहे. तुझं नाव ऐकून ती उठली. भिंतीला धरत कपाटापर्यंत गेली. एका हाताने तिने खालची पिशवी ओढून काढली, त्यात दोन कपडे घातले, कंगवा घातला, चष्म्याचं घर घातलं. चेन लावता येईना म्हणून पिशवी माझ्यापुढे आणून ठेवली. इतकं स्पष्ट तिने झटक्यानंतर काही सांगितलं नव्हतं. मी चेन लावली नाही. मी म्हटलं, बघू. ती झोपल्यावर मी सगळं जागच्या जागी ठेवलं आणि पिशवी कपाटाच्या वर टाकली, जिथे तिचा हात पोचत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं, आई नाही म्हणते. तिला बोलता येत नाही म्हणून ते खपलं. सहा महिने हा शब्द मला सहा महिने असा ऐकूच आला नाही. मला वाटलं, तिथे बरी झाली तर परत कशाला येईल? इथे काय आहे? मी आहे, आणि माझी काळजी आहे, जी तिला आयुष्यभर नकोशीच होती. मग मी हौद बांधायला काढला. लोकांना वाटलं, म्हातारा बायकोसाठी काय काय करतो. कुणाचा समज मी दूर केला नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन, स्वतःला ओळखतो मी. ये आणि तिला घेऊन जा. माझ्यावर रागाव, जन्मभर रागाव, तो राग तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, कारण आता तू नाही म्हणालीस तर ते तिला सोसवणार नाही. माझी चिंता करू नकोस, शिंपी रोज डोकावतो, दोन वेळचं मी करून घेतो. एवढंच कर की पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. सकाळी नऊला कर, तेव्हा ती ताजी असते. मी फोन तिच्या कानाला लावीन आणि बागेत जाऊन उभा राहीन. तू तिलाच विचार. तिचा होकार म्हणजे एक लांब ‘हं’, नकार असेल तर ती गप्प राहते, गोंधळू नकोस. आणि मग कधी येतेस ते तिलाच सांग, मला नंतर कळलं तरी चालेल. पण लवकर कर, ठके. या आठवड्यातच कर.

तुझाच,
बाबा