शिवलेली डावी बाही

प्रिय बाबा,

आमच्या संशोधनासाठी मेंदूची छायाचित्रे देण्यास तुम्ही सेंदाईला आलात आणि एमआरआय यंत्रातून बाहेर पडताच सर्वांसमक्ष म्हणालात, "एवढा खटाटोप कशाला? पोरीचं नाक माझं आहे, ते आरशातही दिसतं." आईवडिलांच्या मेंदूची ठेवण मुलांत कितपत उतरते, हे ज्यांना आरशात दिसते त्यांच्याशी वाद घालण्याइतका रिकामा वेळ मला नाही.

माझा सहायक कुवाबारा तर तुमच्याहूनही धन्य. यंत्रात झोपणाऱ्याच्या उजव्या कानशिलावर आम्ही तेलाची कॅप्सूल चिकटवतो. चित्रात तिचा पांढरा ठिपका उमटतो आणि डावे-उजवे उलटले नसल्याची खात्री पटते. तुमच्या चित्रातली ठेवण माझ्या आणि माझ्या लेकीच्या, शिओरीच्या मेंदूसारखीच, डावखुऱ्यांत आढळणारी निघाली. तुमच्यासारखे सुलेखनाचे गुरुजी डावखुरे कसे असतील, म्हणून या महाशयांनी ठिपक्याकडे न पाहता चित्रच उलटे फिरवले. फैलावर घेतल्यावर म्हणतो, "मॅडम, गुरुजींचा मान राखला!" मानासाठी मेंदू फिरवणारा माणूस मी प्रथमच पाहिला, असे लिहिणार होते, पण पहिला मान तुमचा.

चित्रावरून हात सिद्ध होत नाही, केवळ संशय येतो. म्हणून सादाएआत्याला फोन केला. ती खो खो हसली. "अगं, तुझा बाप पक्का डावरा! आमच्या बाबांनी त्याच्या किमोनोची डावी बाही टोकाशी शिवून टाकली होती. जेवायला बसला की रडायचा बिचारा."

लहानपणी माझा डावा हात कंबरपट्ट्याला बांधून "रड, पण रेघ उजव्यानेच ओढ" असे बजावताना तुम्हाला ती बाही आठवत नव्हती, यावर माझा विश्वास नाही. सोसलेले जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या गळ्यात घालणे, याला तुम्ही शिस्त म्हणता. मी आळस म्हणते.

आता कामाचे. शिओरी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे कुंचला शिकायला यायचे म्हणते. "मला आजोबांसारखंच लिहायचंय," हा तिचा हट्ट. आजोबांसारखे म्हणजे कोणत्या हाताने, हे तिला ठाऊक नाही. मी तिला पाठवीन, एका अटीवर: पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसून तुम्ही डाव्या हाताने तिचे नाव लिहावे. अक्षर वेडेवाकडे येईल. तिला ते पाहू द्या. जमणार नसेल तर कळवा. तिकीट अजून काढलेले नाही.

या पत्राच्या अक्षरावर मात्र शेरा नको. ते डाव्या हाताने लिहिले आहे.

तरीही तुमचीच,
चिझुरू