बाबांची बोटं आणि कॉम्प्युटरचा डाव

तीर्थरूप अनंतमामा,

‘सुमंतशी खेळायचं तर त्याच्या बोटांवर नजर ठेवणारा पंच हवा,’ हे वाक्य तुम्ही अकरा वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर बोललात, चप्पल घातलीत आणि सांगलीची एसटी धरलीत. बुद्धिबळात हात लागला ती सोंगटी खेळावीच लागते; बाबांनी घोड्याला हात लावून हत्ती खेळला असं तुमचं म्हणणं, हात लागलाच नाही असं त्यांचं, एवढंच निमित्त. तेव्हापासून तो पट माळ्यावर आहे, आणि आई तुम्हा दोघांची खुशाली इकडून तिकडे पोचवते. असो. साताऱ्याहून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भर उन्हात कट्ट्यावर बसू नका (बसताच, हे मामींनी कळवलंय).

हे आठवायचं कारण, मागच्या रविवारी बाबा कॉम्प्युटरशी खेळले. त्याआधी महिनाभर सामना भरवायचा कुणी, यावरच भांडण. बुद्धिबळ मंडळ म्हणे, कॉम्प्युटरवाल्यांकडे दिला तर ते आतून काय करतील ते आपल्याला कळायचंही नाही. कोरेगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा रविराज म्हणे, मंडळाकडे दिला तर ही माणसं ऐन डावात वीज घालवतील. (यावर मंडळातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे विचार झालेला असावा.) शेवटी सामना आमच्या वाचनालयाकडे आला, कारण मी तिथली कार्यवाह, आणि उंट तिरका चालतो यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. अज्ञानाला निःपक्षपातीपणा म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं.

मंडळाचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहेच, हरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. कॉम्प्युटर हरला तर काय, यात अर्धा तास गेला. रविराज म्हणाला, “ताई, च्या मी पाजतो. पन त्यो रुसून बसला, तर समजूत तुमी काढायची.”

आता खरं सांगते. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. महिनाभर रोज सकाळी मंडळाचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. मला बघवेना. मी रविराजला बाजूला घेऊन कॉम्प्युटरची ताकद कमी ठेवायला सांगितली. “लय खाली ठिवली तर त्यो माझ्यावानी खेळंल,” तो म्हणाला. मी म्हटलं, ठेव.

डाव रंगात आला आणि बाबांनी घोडा उचलला, थबकले, परत ठेवला आणि हत्ती सरकवला. रविराज पडद्याकडे बघत होता. कॉम्प्युटरला बोटं दिसत नाहीत. मला दिसली, आणि सामना भरवणारी मी गप्प बसले. बाबा जिंकले. टाळ्या झाल्या, चहा झाला, फोटो झाले. घरी जेवताना मात्र बाबा पानाकडे बघत म्हणाले, “समोर अनंता असता तर पट उधळला असता त्यानं.” आईनं वाढता वाढता विचारलं, “म्हणजे तेव्हाही घोड्याला हात लागला होता तर?” बाबांनी ताक मागितलं.

तेव्हा वाचनालयाच्या वतीनं विनंती, असे सामने यापुढे तुम्ही भरवावेत. मंडळ माणसाच्या बाजूचं, रविराज यंत्राच्या, मी बाबांच्या. तुम्ही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही सोडलं नाहीत, इतका सरळ माणूस आम्हाला साताऱ्यात मिळायचा नाही.

तुमची,
वल्लरी

ता. क. रविराज कॉम्प्युटर परत घेऊन गेला. पुढच्या रविवारच्या सामन्यात यंत्र नाही.

आणखी एक. खरं तर सामनाही नाही, आमच्या ओसरीवर एकच डाव आहे. बाबांना मी काही बोललेले नाही, तरी त्यांनी माळ्यावरचा पट काढून पुसून ठेवलाय आणि समोर उशीची खुर्ची मांडलीय. बोटांवर नजर मी ठेवीन. तुम्ही गुडघ्याचं कारण सांगाल, हे धरूनच विचारते, याल का?