कचरा काट्यावर

तीर्थरूप आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली अर्ध्यापर्यंतच वाकता येतं. उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन, आणि ती भेट तुला वाटते त्याहून लवकर होईल असं दिसतं.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? तुझी भाचेसून ठणठणीत आहे. मी मात्र बरा नाही. ताप नाही, खोकला नाही, दुखणं आहे ते मनाचं, आणि त्यावर इलाज तुझ्याकडेच आहे म्हणून हा पत्रप्रपंच.

तुला ठाऊकच आहे, एकतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की दुकानदार तागडीखालची मेणाची गोळी आधी काढून खिशात टाकायचे. निवृत्त झाल्यावर जग माणसाला विसरतं, तसं मलाही विसरलं होतं. आमच्या इमारतीला माझी आठवण झाली ती कचऱ्यामुळे. झालं असं, की आमच्या सेक्रेटरीबाई (राहायला चौथ्या मजल्यावर, आवाज तळमजल्यापर्यंत) कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि पृथ्वी तापते आहे हे त्यांना तिथे कळलं. लगेच सभा. सभेत ठरलं, की सहा आठवडे ‘हरित पर्व’ पाळायचं. चोवीस घरं; प्रत्येकाने आपला कचरा रोज सकाळी इमारतीच्या दरवाज्यापाशी काट्यावर आणून ठेवायचा, वजन फळ्यावर लिहायचं, आणि ज्याचा कचरा शेवटी सर्वांत कमी भरेल त्या घराने इमारतीमागच्या मोकळ्या जागेचं काय करायचं ते ठरवायचं. काट्यावर बसायला निःपक्षपाती माणूस हवा, म्हणून मी. (स्पर्धकच पंच कसा, ही शंका एकानेही काढली नाही. हा माझ्या एकतीस वर्षांच्या कीर्तीचा परिणाम, की सभा लवकर संपवायची घाई, याच्या खोलात मी शिरलो नाही.)

आता ती मागची जागा म्हणजे काय, तर पाण्याची एक फुटकी टाकी, एक मोडकी सायकल आणि गुडघाभर गवत. पण तुझ्या भाचेसुनेचा तिच्यावर वीस वर्षं डोळा आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तिच्या वाट्याला माती आली ती खिडकीतल्या चार डब्यांपुरती. भाजी लावायची म्हणते, एवढंच. उलट दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना तिथे गाड्या लावायच्या आहेत. माणूस एकटा आणि गाड्या दोन. त्यांनी सभेत तसं बोलून दाखवलं तेव्हा हिने माझ्याकडे पाहिलं. आत्या, खरं सांगतो, या बाईने इतक्या वर्षांत माझ्याकडे हट्टाने मागितलं काय, तर हातभर माती, आणि तीही माझी नव्हे. मी ताडकन उठलो (म्हणजे खुर्चीला धरून, पण त्यातल्या त्यात ताडकन) आणि भर सभेत शब्द दिला, की आमच्या घरचा कचरा दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर जाणार नाही. टाळ्या झाल्या. घरी येऊन त्या दिवशीच्या नुसत्या केळ्यांच्या साली तोलल्या, त्या दोनशे चाळीस भरल्या.

पहिल्याच आठवड्यात कळलं की डॉक्टरांशी गाठ आहे. ते तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवतात. त्यांच्या घरातून दिवसाला निघतं काय, तर एक टी-बॅग आणि दात कोरायची काडी. बाकीच्यांनी मग आपापली अक्कल चालवली. पाहुणे बंद झाले, कारण पाहुणा म्हणजे कचरा. माझे साडू मिठाई घेऊन आले, तेव्हा मिठाई ठेवून घेऊन खोका मी जाताना त्यांच्याच हातात दिला, सुतळीसकट. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याने चिंध्या टाकायच्या बंद करून उशा भरायला घेतल्या. अकरा झाल्या आहेत, आता पलंगावर उशा झोपतात आणि शिंपी खाली. बाकीची मंडळी कामावर जाताना बॅगेतून कचरा नेऊ लागली. कुणी ऑफिसात सोडायचा, कुणी बस थांब्यावरच्या डब्यात. एक गृहस्थ तर कलिंगडाची साल टाकायला गाडी काढून पाच किलोमीटर गेले. आमच्या फळ्यावर कचरा पाऊणपट घटला, आणि बस थांब्यावर नगरपालिकेने पाटी लावली, की या भागात कचऱ्याचं प्रमाण अचानक वाढलं आहे, नागरिकांनी भान ठेवावं. सेक्रेटरीबाईंनी ती पाटी वाचून आमच्याकडे बघत मान डोलावली. म्हणाल्या, बघा, लोकांना अजून जाणीवच नाही.

असलं काही माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. मी शास्त्राची वाट धरली. ओल्या कचऱ्याचं वजन म्हणजे मुख्यतः पाणी. पाणी हा कचरा आहे का? नाही. मग ते फळ्यावर का मांडायचं? मी गच्चीवर जुनी चादर अंथरली आणि साली वाळत घातल्या. दोन दिवसांत सातशे ग्रॅमचे शंभर झाले. यात लबाडी काहीही नव्हती, मी फक्त पाणी वजा करत होतो. (मेणाची गोळी लावणारा एक दुकानदारही मला असंच काहीसं समजावू पाहत होता. त्याचं म्हणणं तेव्हा पुरतं ऐकून घेतलं नाही, याचं आता वाईट वाटतं.) पण भिंतीलाही डोळे असतात. चार दिवसांत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. चोवीस चादरी, आणि वर दोऱ्यांवर चिमट्यांनी लावलेली कोबीची पानं.

पाचव्या रविवारी नगरपालिकेचे साहेब आमचं यश बघायला आले. खाली अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरीबाई माइकवरून ‘शून्य कचऱ्याकडे वाटचाल’ सांगत असताना वारा सुटला आणि गच्चीवरचं सगळं यश खाली आलं. कांद्याची टरफलं, वाटाण्याच्या शेंगा, चहाचा चोथा. साहेबांनी चष्म्यावरचं टरफल काढून उजेडात धरलं आणि हे कुठल्या झाडाचं पान म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, दुर्मीळ आहे. साहेबांनी दोन रोपं मागितली आहेत. बाईंनी त्याच संध्याकाळी गच्चीला कुलूप घातलं.

आता शेवटचा आठवडा. मोठी बेरीज बघता डॉक्टर माझ्यापुढे सव्वाशे ग्रॅमने आहेत. वाळवणं बंद झाल्यापासून दोन पिशव्या आमच्या बाल्कनीत साठल्या आहेत, त्यांच्यावर मी रेनकोट घालून ठेवला आहे. त्या काट्यावर ठेवल्या तर संपलंच. डॉक्टरांनी परवा टेप आणून मागची जागा मोजली, खडूने दोन गाड्यांच्या रेघासुद्धा मारल्या. हिने मागची खिडकी उघडणं सोडलं आहे. विचारलं तर म्हणते, डास येतात. आत्या, मला ते बघवत नाही. एकतीस वर्षं लोकांची मापं तपासली आणि घरच्या माणसाचं एवढंसं मागणं माझ्याच्याने पुरं होत नाही.

असो. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग. थेंब विसरू नकोस.

तुझा प्रामाणिक (हा शब्द सवयीने लिहिला गेला)
भाचा

ता. क. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. हातात दोन पिशव्या असतील. फळं आणली असं समजू नकोस; होती, पूर्वी. तुमच्या भागात अजून हरित पर्व लागलेलं नाही याची चौकशी मी केली आहे. तुझ्याकडे कचऱ्याची गाडी सोमवारी येते ना? तोवर परसात कुठेही पडू देत.

ता. क. २. याला अफरातफर म्हणायचं की नाही, हे तूच ठरव. तू ठरवशील ते मला मान्य आहे. फक्त सोमवारनंतर ठरव.

ता. क. ३. आत्या, मी तुमची भाचेसून. नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, वाचलं. यांना सांगू नका, पण गेले पाच आठवडे घरातल्या निम्म्या साली मी टाकीमागे खड्डा करून पुरते आहे. यांना बोलले नाही, कारण काट्यावर न आलेलं वजन म्हणजे यांच्या लेखी दरोडा. खिडकी बंद असते ती डासांमुळेही नाही आणि दुःखानेही नाही, यांनी खाली डोकावू नये म्हणून. मला आपली रोज धाकधूक, की आपण चोरी करतो आहोत. काल दाताच्या डॉक्टरांनी पकडलंच. रेघा पुढे ओढत ते टाकीपाशी आले, तिथे सालींबरोबर गेलेल्या बियांतून भोपळ्याचा वेल उगवून आला आहे, कळ्यासुद्धा धरल्या आहेत. मला वाटलं, आता फळ्यावर नाव लागणार. त्यांनी वाकून वेल नीट पाहिला. मग म्हणाले, वहिनी, याला काठी लागेल हो. आणि एका गाडीच्या रेघा त्यांनी बुटाने पुसून टाकल्या. मी म्हटलं, दुसरी गाडी कुठे लावाल? तर म्हणाले, ती तशीही चालू होत नाही.

यांना हे मी रविवारी काटा उचलल्यावर सांगेन, आधी सांगितलं तर स्वतःवरच खटला भरतील. शनिवारी येतील तेव्हा रागावू नका, गरम जेवायला घाला. पिशव्या मात्र त्यांच्याच हाती परत पाठवा. खड्डा अजून अर्धा रिकामा आहे.